टॉलस्टॉय यांचे अखेरचे दहा दिवस : दादरमधील एका अभिवाचनमालेविषयी

दादर पश्चिमेला एका ग्रंथालयाने लागोपाठ तीन शनिवारी सायंकाळी ‘लिओ टॉलस्टॉय यांचे अखेरचे दिवस’ या विषयावर सशुल्क अभिवाचनमाला घेतली. तिन्ही सत्रांचे शुल्क ४५० रुपये होते आणि सोबतच्या पुस्तिकेचे ६० रुपये वेगळे होते. मी तिन्ही सत्रांना हजर होतो. शुल्क पूर्णपणे सार्थकी लागले, असे माझे मत आहे. पुस्तिकेबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही आणि त्याचे कारण पुढे सविस्तर लिहिले आहे.

पहिल्या सत्रात १९१० सालच्या २८ ऑक्टोबरची पहाट होती. ब्याऐंशी वर्षांचा एक जगप्रसिद्ध लेखक पत्नी झोपेत असताना कपड्यांची बांधाबांध करतो, तबेल्याकडे जाताना अंधारात वाट चुकून झुडपांत शिरतो, तिथे टोपी हरवतो आणि डॉक्टर दुशान माकोवित्स्की यांना बरोबर घेऊन यास्नाया पोल्याना येथील आपले घर कायमचे सोडतो. हा सगळा प्रसंग निवेदिकेने आवाज न चढवता वाचला. अशा प्रसंगी वाचणाऱ्याला गहिवर आणण्याचा मोह होतो. तो त्यांनी टाळला, याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन. त्यापुढचा ऑप्टिना मठातील मुक्काम आणि शामोर्दिनो येथे संन्यासिनी बहीण मारिया यांची भेट थोडक्यात आटोपली आणि ते योग्यच झाले.

दुसरे सत्र या मालेचा गाभा होते. दक्षिणेकडे निघालेल्या टॉलस्टॉय यांना गाडीत ताप भरला आणि ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्यांना आस्तापोव्हो या लहानशा स्थानकावर उतरवावे लागले. स्टेशनमास्तर इवान ओझोलिन यांनी स्वतःच्या घरातील खोली त्यांना दिली. न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाची बातमी तारायंत्रावरून जगभर जाऊ लागली. वार्ताहर आले, छायाचित्रकार आले, पोलीस आले. १९०१ मध्ये ज्या धर्मसंस्थेने त्यांना बहिष्कृत केले होते, तिच्या वतीने एक वृद्ध साधूही आले, पण त्यांना आत सोडण्यात आले नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते सोफिया यांना दिलेले स्थान. आपल्याकडे टॉलस्टॉय यांच्या गृहत्यागाविषयी बोलताना त्यांची पत्नी बहुधा संशयी आणि पैशाची लोभी म्हणून दोन वाक्यांत निकालात काढली जाते. इथे तसे झाले नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार आणि तेरा बाळंतपणे, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तिच्यापासून लपवून रानात केलेले मृत्युपत्र, निरोपाचे पत्र हाती पडताच तिने तळ्यात घेतलेली उडी, हे सारे क्रमाने समोर आले आणि ऐकणाऱ्याला घाईने न्यायनिवाडा करणे अशक्य झाले. खास गाडी करून २ नोव्हेंबरला ती आस्तापोव्होला पोहोचली. तिच्या येण्याने पतीला धक्का बसेल म्हणून तिला आत जाऊ दिले नाही आणि ती त्याच गाडीच्या डब्यात राहिली. शिष्य चेर्तकोव्ह मात्र त्या दिवसांत रुग्णाच्या उशाशी होते. स्टेशनमास्तरांच्या घराच्या खिडकीला नाक लावून आत पाहणाऱ्या सोफिया यांचे प्रसिद्ध छायाचित्र पडद्यावर बराच वेळ ठेवले होते आणि तेवढा वेळ निवेदिका काहीही बोलल्या नाहीत. पतीची शुद्ध हरपल्यावरच तिला आत नेण्यात आले. ७ नोव्हेंबरला सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांचा श्वास थांबला.

आता पुस्तिकेविषयी. तिच्यात घर सोडल्याची तारीख २८ ऑक्टोबर आणि मृत्यूची २० नोव्हेंबर अशी छापली आहे. पहिली तारीख, या लेखातील इतर तारखांप्रमाणेच, त्या वेळी रशियात चालू असलेल्या जुन्या दिनदर्शिकेची आहे, तर दुसरी आपण वापरतो त्या नव्या दिनदर्शिकेची. विसाव्या शतकात या दोहोंत तेरा दिवसांचे अंतर होते. परिणामी पुस्तिका वाचणाऱ्याला हा प्रवास तेवीस दिवसांचा वाटतो; प्रत्यक्षात तो दहाच दिवसांचा होता. सगळी कथाच या दहा दिवसांच्या वेगावर उभी असताना ही चूक किरकोळ म्हणून सोडता येणार नाही. जुन्या तारखा घेतल्या तर सर्वत्र जुन्याच ठेवाव्यात, किंवा दोन्ही शेजारी शेजारी द्याव्यात.

तिसऱ्या सत्रात दफनविधीला जेमतेम वीस मिनिटे मिळाली, ही माझी दुसरी तक्रार. ९ नोव्हेंबरला शवपेटी झासेका स्थानकावर उतरली आणि तिथून हजारो शेतकरी व विद्यार्थी तिच्याबरोबर चालत यास्नाया पोल्यानाला गेले. धर्मगुरू नव्हता, क्रूस नव्हता, प्रार्थनाविधी नव्हता. लोकांनी गुडघे टेकले आणि स्वतःच निरोपाचे गीत म्हटले. थोरला भाऊ निकोलाय याने लहानपणी सांगितले होते की, सर्व माणसांना सुखी करण्याचे रहस्य एका हिरव्या काठीवर लिहिलेले असून ती काठी रानातल्या घळीच्या काठी पुरलेली आहे. त्याच जागी आपल्याला पुरावे, अशी टॉलस्टॉय यांची इच्छा होती. तिथे आजही गवताने झाकलेला एक साधा उंचवटा आहे. त्यावर नावसुद्धा नाही. आपल्या घरांतही ‘माझे दिवसकार्य करू नका’ असे सांगून जाणारी माणसे असतात आणि त्यांच्या पश्चात कुटुंबाची होणारी ओढाताण अनेकांनी पाहिलेली असते. श्रोत्यांतील एका आजींनी याच अनुषंगाने प्रश्न विचारला, पण सभागृह रिकामे करण्याची वेळ झाल्याने चर्चा तिथेच थांबली. त्याऐवजी सुरुवातीचा सत्काराचा अर्धा तास वाचवता आला असता. सप्टेंबर १९१० मध्ये टॉलस्टॉय यांनी गांधीजींना लिहिलेले दीर्घ पत्र मात्र याच सत्रात पूर्ण वाचले गेले, हे नमूद केले पाहिजे.

सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. ध्वनियोजना चांगली होती. मागच्या रांगेतही शब्द स्पष्ट ऐकू येत होता. तारखांची चूक मी काउंटरवर लेखी कळवली असून, पुढच्या तुकडीसाठी पुस्तिका नव्याने छापणार असल्याचे मला सांगण्यात आले. ती दुरुस्त होऊन आली, तर मी पुन्हा ६० रुपये देऊन विकत घेईन.