म्युझिक मॅगझिनच्या कव्हरचं विश्लेषण करायचंय: केरँग घ्यायचं की रोलिंग स्टोन?

मीडिया किंवा डिझाइन शिकणाऱ्यांना एक तरी म्युझिक मॅगझिनचं कव्हर घेऊन त्याचं विश्लेषण करायला सांगतातच, आणि मग बहुतेक जण सगळ्यात फेमस कव्हर उचलतात. माझं मत आधीच सांगते, पहिल्यांदाच करत असाल तर फेमस फोटोच्या मागे लागू नका, गच्च भरलेलं कव्हर घ्या. का ते बघू.

आधी फेमसवालं. रोलिंग स्टोनचा २२ जानेवारी १९८१ चा अंक, फोटो ॲनी लीबोविट्झचा. बीटल्स बँडचा जॉन लेनन अंगावर एकही कपडा नाही असा बायकोला, योको ओनोला बिलगलेला, ती मात्र पूर्ण कपड्यांत. वर मॅगझिनचं नाव आणि बारीक अक्षरात तारीख वगैरे, बाकी हेडलाइन नाहीच, आतमध्ये काय आहे याची एक ओळसुद्धा नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मॅगझिन संपादकांच्या संघटनेने आधीच्या ४० वर्षांतलं सर्वोत्तम कव्हर म्हणून हेच निवडलं होतं.

आता यात लिहायला भरपूर आहे असं वाटतं, आणि आहेही, पण ते मिळवणं कठीण आहे. फोटो ८ डिसेंबर १९८० ला काढला आणि त्याच रात्री लेननचा खून झाला. रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९६४ मध्ये मांडलं होतं की चित्राचे खूप अर्थ निघू शकतात आणि सोबतचा मजकूर त्यातला एक पक्का करतो. इथे मजकूरच नाही, अर्थ पक्का केला तो बातमीने. नवराबायकोच्या जवळिकीचा म्हणून काढलेला फोटो वाचकाच्या हातात पडेपर्यंत निरोपाचा झाला, आणि वर एखादी हेडलाइन टाकली असती तर ते इतकं लागलंच नसतं. हा मुद्दा जबरदस्त आहे. पण होतं काय, की माणूस लेननची गोष्ट सांगत बसतो, चार पानं होतात आणि त्यात अक्षरं, रंग, मांडणी यावर एक परिच्छेदही नसतो. जे काढून टाकलंय त्यावर लिहायचं तर आधी नेहमी काय असतं ते डोळ्यात बसलेलं लागतं.

आणि ते बसतं केरँगमुळे. हे ब्रिटिश रॉक-मेटलचं मॅगझिन जून १९८१ मध्ये साउंड्स या साप्ताहिकाची खास पुरवणी म्हणून आलं, पहिल्या कव्हरवर एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवादक अँगस यंग होता. नावच मुळात इलेक्ट्रिक गिटारवर जोरात कॉर्ड मारल्यावर येणाऱ्या आवाजाचं, लोगोची अक्षरं तडा गेल्यासारखी, शेवटी उद्गारचिन्ह. म्हणजे नाव वाचायच्या आधीच आवाज किती मोठा आहे ते कळतं. मग पुढच्या काळातल्या साप्ताहिक अंकांपैकी कुठलाही एक समोर घ्या आणि बघत जा. मेन फोटोतला माणूस सरळ तुमच्याकडे रोखून बघतोय का? त्याचं डोकं लोगोच्या वर आलंय का? आलं असेल तर अर्धी अक्षरं झाकूनही लोक मॅगझिन ओळखतील एवढा त्यांना विश्वास आहे, नवीन मॅगझिनला हे परवडत नाही. मग तिरक्या पट्ट्या, फ्रेममधले छोटे फोटो, आत पोस्टर आहेत हे ओरडून सांगणारा कोपरा, बँडच्या नावांची रांग. पहिल्यांदा बघताना हा सगळा गोंधळ वाटतो पण तो मुद्दाम रचलेला गोंधळ असतो. नीट बघितलंत तर रंग दोन-तीनच वापरलेले सापडतात, आणि सगळ्यात मोठी अक्षरं मेन फोटोशी जोडलेली असतात म्हणून नजर भरकटत नाही.

डावी बाजू जरूर तपासा. दुकानात मॅगझिन एकावर एक सरकवून ठेवली की बऱ्याचदा डावीकडचा एक तृतीयांश भागच दिसतो, म्हणून विकणारी नावं तिकडे ढकलतात. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे क्यू हे ब्रिटिश म्युझिक मॅगझिन, १९८६ ते २०२० चाललं, वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल चौकोन आणि त्यात पांढरं एकच अक्षर. बस्स. केरँग फारच अंगावर येत असेल तर क्यू घ्या, त्यात मजकूर भरपूर आणि मांडणी शांत, फक्त लिहायला मसाला थोडा कमी मिळतो.

लोगोच्या बाबतीत मात्र रोलिंग स्टोन पुढे आहे असं मला वाटतं. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं तेव्हाचा लोगो रिक ग्रिफिनच्या हातचा, आणि हा माणूस तिथल्या सायकेडेलिक, म्हणजे भडक रंगांच्या आणि वळणदार अक्षरांच्या कॉन्सर्ट पोस्टर्ससाठी प्रसिद्ध. नंतर तो लोगो साफसूफ करत नेला तरी अक्षरांची वळणं कायम राहिली, त्यामुळे कव्हरवर पॉपस्टार असो की राजकारणी, वर साठच्या दशकाची आठवण बसलेलीच असते. एवढ्यावरच आख्खं सेक्शन लिहिता येईल.

तर ज्यांना मार्कांसाठी सगळे घटक दाखवायचेत, फॉन्ट, रंग, नजरेचा प्रवास, टार्गेट वाचक, त्यांनी डोळे झाकून केरँग. ज्यांचं हे आधी करून झालंय आणि एकच मुद्दा खोलात न्यायचाय त्यांनी लेनन-ओनो. दोन कव्हर चालणार असतील तर दोन्ही घ्या, पण लिहायला सुरुवात केरँगपासून करा, आधी त्यातल्या प्रत्येक घटकाची यादी काढा आणि मग तीच यादी लेनन-ओनोच्या कव्हरवर लावून एकेक गोष्ट खोडत जा, जिथे जिथे खोडाल तिथे ती का नसेल यावर दोन वाक्यं लिहा.