अंगणात पुरलेले माठ: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा वापरून झाल्यावर

अंगणात चार वाफे माळवं असावं असं वाटतं, पण नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आणि बोअर होळीनंतर गुळण्या टाकायला लागतो, अशी मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची गत आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वाफ्यात पाइप सोडून बसणं जिवावर येतं. अशा घरांसाठी पुरलेल्या माठांवरची बाग हा फार चांगला मार्ग आहे, हे आता मृगापासून मेअखेरपर्यंतच्या वापरानंतर खात्रीने लिहिता येतं. आमचे माठ सहा, प्रत्येकी साधारण १० लिटरचे, आणि त्यांच्याभोवती वीस-बावीस झाडं.

घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरून, धान्य पेरून मधे पाण्याचा घट ठेवतात, तेव्हा नऊ दिवसांत जे होतं तेच इथं होतं. कोऱ्या मातीच्या भांड्याला बारीक छिद्रं असतात. भोवतालची माती कोरडी असली की ती पाणी ओढून घेते आणि ओली झाली की ओढ कमी होते. म्हणजे किती पाणी द्यायचं हे माती आणि मुळंच ठरवतात. वरचा थर कोरडा राहत असल्याने बाष्पीभवन कमी होतं आणि तणही कमी उगवतं. खुरपणी जवळजवळ नाहीच, हा फायदा वापरल्याशिवाय कळत नाही.

माठ निवडताना सगळ्यात जास्त काळजी घ्यावी. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेच्या करा-केळीपर्यंत बाजारात माल भरपूर असतो, तेव्हाच घ्यावा. रंगवलेला, चकचकीत, तोटी बसवलेला माठ नको, साधा लाल कोरा हवा. घरी आणल्यावर भरून सावलीत ठेवायचा. दोन-तीन तासांत बाहेरून सगळीकडून सारखा ओलसर झाला तर उत्तम. थेंब ओघळू लागले तर तडा आहे. दुसऱ्या दिवशीही बाहेरून कोरडाच असेल तर तो बागेच्या कामाचा नाही. घरातले गेल्या उन्हाळ्यातले जुने माठ पुरावेत असं पुष्कळांच्या मनात येतं, पण ज्या माठात पाणी गार होणं बंद झालंय त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. तो झाडालाही पाणी देणार नाही.

आता पुरणं. माठ फुटभर रुंद असेल तर खड्डा दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल घ्यावा. आपली काळी माती एकटी भरू नये. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. फुगताना माठाला दाबते, आणि भेग पडली की माठ आणि माती यांच्यात पोकळी राहते. पोकळी राहिली की पाझर मातीपर्यंत पोहोचतच नाही. माठ भरलेला आणि झाड सुकलेलं दिसलं तर कारण बहुतेक वेळा हेच. म्हणून काळी माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग आणि जाड वाळू एक भाग असं मिश्रण करावं. माठ आधी रात्रभर पाण्यात भिजवावा, खड्ड्यात बसवून पाण्याने भरावा आणि मग भोवती मिश्रण थोडं थोडं टाकत, पाणी शिंपडत हाताने दाबत यावं. रिकामा माठ बसवून माती ठोकली तर तो फुटतो. तोंड जमिनीच्या दोन बोटं वर ठेवावं, नाहीतर पहिल्याच वळवात आत गाळ जातो. वरून सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट तीन-चार बोटं जाड अंथरावं.

रोपं माठाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर लावावीत. एका माठाला वांगी, टोमॅटो किंवा मिरचीची चार रोपं, किंवा दोडका, कारलं, गिलकं यांचे दोन वेल पुरेत. पहिले दहा-पंधरा दिवस वरूनही तांब्याने पाणी द्यावं लागतं, कारण मुळं अजून ओलीपर्यंत गेलेली नसतात. एकदा ती पोहोचली की माठाभोवती त्यांचं जाळं होतं.

वेलांनी सगळ्यात छान साथ दिली. दोडका आणि गिलकं एप्रिलच्या उन्हातही हिरवी राहिली. वांगी तर अपेक्षेपेक्षा जास्त काळ फळत राहिली. टोमॅटोची फळं तडकणं कमी वाटलं, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण एकदम कोरडं, एकदम भरपूर असा पाण्याचा झटका बसत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर मात्र या पद्धतीत बसत नाहीत. त्यांची मुळं वर असतात आणि वरचा थर कोरडा, त्यामुळे बी नीट उगवतच नाही. त्यांचा वाफा वेगळा ठेवून हाताने पाणी घालावं. शेवगा किंवा लिंबू माठाशेजारी वर्षभर वाढवायला हरकत नाही, पुढं मुळं जाडावली की माठ फुटणार हे धरून चालावं.

पाण्याचा हिशेब असा. थंडीत माठ पाच-सहा दिवस पुरतो, मार्च लागला की चार, आणि मेमध्ये दोन-तीन दिवसांतच तळ दिसतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सहा माठांना दिवसाला सरासरी वीस-पंचवीस लिटर लागतं. नळीने वाफे भिजवायचे तर तेवढं पाणी दोन-तीन मिनिटांत जातं. पूर्ण रिकामा होण्याची वाट पाहू नये, निम्मा झाला की भरावा.

कोणतं पाणी घालायचं हाही मोठा मुद्दा आहे. पन्हाळीतून साठवलेलं पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. एसीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार नसतात. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं आणि कूलरच्या तळाचं पाणी टाळावं, दोन्हींत क्षार साठलेले असतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी माठात टाकलं तर छिद्रं बुजतात आणि वास येतो, ते थेट झाडाच्या बुडाशी ओतावं. जीवामृत, शेणाची स्लरी, विरघळणारी खतंसुद्धा माठात नकोत, मातीवरच द्यावीत.

बोअरचं पाणी जड असेल तर ओलीच्या कडेला पांढरट खार दिसू लागतो. पाझर आतून बाहेर जात असल्याने क्षार मुळांपासून दूर, कडेला सरकतात. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात या पद्धतीवर काम झालं तेही खारवट जमीन डोळ्यांसमोर ठेवून. कडेचा खार उन्हाळ्याच्या शेवटी वरच्यावर खरवडून बाहेर टाकावा. माठ पूर्वीपेक्षा हळू रिकामा होऊ लागला तर आतून नारळाच्या काथ्याने घासावा, साबण लावू नये.

डासांबाबत कसूर नको. झाकण नसलेला माठ म्हणजे अळ्यांचं घर. मातीचं परळ तोंडावर नीट बसत नसेल तर खाली सुती फडकं बांधावं. पावसाळ्यात माती ओली असते, पाझर थांबतो आणि तेच पाणी आत साचून राहतं, त्यामुळे तेव्हा जास्त लक्ष हवं. तेव्हा माठ रिकामा ठेवण्यापेक्षा भरून घट्ट झाकलेला बरा, कारण फुगलेली माती रिकाम्या माठाला लवकर चेपते.

या सगळ्यात घराला काय मिळतं, तेही सांगायला हवं, कारण आमच्या मते खरा लाभ तिथं आहे. पाइप धरून उभं राहण्याचं काम एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. माठाची फेरी दहा मिनिटांची आणि ती कुणालाही जमते. लेकरांच्या हाती खुणा केलेली काडी द्यावी, ती प्रत्येक माठात बुडवून पाणी किती उतरलं ते सांगतात. दोडक्याचा माठ मिरचीच्या माठापेक्षा लवकर रिकामा का झाला, हा प्रश्न मग तेच विचारतात. आजीला वाकणं जमत नसेल तर बाजेवर बसून कोणतं पान पिवळं पडलंय ते ती सांगते, आणि तिचं बहुधा बरोबर निघतं. परळ उपडं न घालता सुलटं ठेवलं आणि त्यात रोज सकाळी ताजं पाणी घातलं तर चिमण्या आणि बुलबुल येतात. ते पाणी मात्र रोज बदलायचं, डासांसाठीच. दिवेलागणीच्या आधी सगळे एकदा बागेत येतात, कुणी दोन वांगी तोडतं, कुणी मोगरा. पाणी मोजून वापरणाऱ्या घरात बागेची चिंता न राहता बागेत असं बसता येणं ही मोठी गोष्ट आहे.

गच्चीवर अंगणातला मोठा माठ चालत नाही. तिथं अर्ध्या ड्रममध्ये दोन लिटरचं मडकं, आणि १२ इंची कुंडीत संक्रांतीचं सुगड पुरावं. वाण देऊन झाल्यावर सुगडं घरात पडूनच असतात. त्यांतली रंग न दिलेली तेवढी निवडावीत. तुळशीच्या कुंडीत असं सुगड उन्हाळ्यात रोज भरावं लागतं, त्यामुळे चार दिवस गावाला जायचं असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये. अंगणातल्या मोठ्या माठांवर मेमध्येही दोन दिवस निर्धास्त जाता येतं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी दोनच माठ घ्यावेत, एकाला वांगी आणि एकाला दोडका लावावा, आणि आपल्या मातीत पाणी किती दिवस पुरतं ते पाहून मगच बाकीचे आणावेत.