निकालानंतरची ‘काउन्सिलिंग पॅकेजं’ : इंदूरमध्ये पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाही

जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा (आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेचा) निकाल लागला की भंवरकुआँपासून गीता भवनापर्यंतच्या खांबांवरचे फलक बदलतात. कालपर्यंत ‘सिलेक्शन’ विकत होते, आज ‘मार्गदर्शन’ विकायला बसतात. पॅकेजमध्ये साधारणपणे जोसाच्या (आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी वगैरेंच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेच्या) चॉइस, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीची यादी, भरून देणं, कागदपत्रं तपासणं आणि मुलाशी ‘मोटिव्हेशनल’ बोलणं एवढं येतं. ड्रॉप घ्यावा, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यावी की नाही, हा सल्ला बहुतेक वेळा वरून फुकट मिळतो आणि तोच सगळ्यात महाग पडू शकतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कागदपत्रांच्या तपासणीला थोडे पैसे गेले तर जाऊ द्या. चॉइस घरी भरता येतात. मुलाच्या मनाचं काम मात्र या लोकांकडे अजिबात सोपवू नका.

निम्मं दुःख आकडे न कळल्याने होतं, म्हणून आधी ते पाहा. २०२५ मध्ये अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,४२२ मुलांनी दिले, त्यातली ५४,३७८ पात्र ठरली आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या १८,१६०. म्हणजे ‘क्वालिफाय’ झालेल्या दर तिघांमागे दोघांसाठी जागाच नव्हती. घरी मात्र क्वालिफाय हा शब्द ऐकताच पेढे येतात, राजेंद्रनगरपासून पुण्याच्या मावशीपर्यंत फोन जातात. मग अलॉटमेंटमध्ये काहीच आलं नाही की मुलाला आपण पास होऊन नापास झालो असं वाटतं. चांगला सल्लागार हे गणित पहिल्या पाच मिनिटांत कागदावर मांडतो. जो मांडत नाही, आणि ‘रँक सुधारता आली असती’ इथूनच सुरुवात करतो, त्याच्याकडून चहा पिऊन उठावं. ‘इंदूरचाच मुलगा आणि सिमरोलच्या आयआयटीत जागा नाही?’ असं विचारणाऱ्या काकांनाही एकदाच शांतपणे सांगून टाकावं की आयआयटीत कोणत्याच राज्याचा कोटा नसतो. सिमरोल घरापासून जवळ आहे याचा रँकशी काही संबंध नाही.

दुसरी अडचण वेळेची. २०२५ मध्ये निकाल २ जूनला लागला आणि जोसाची नोंदणी ३ जूनला सुरू झाली. रडायला एक रात्र, आणि सकाळी फॉर्म. त्यामुळे होतं असं की जो मुलगा अजून जेवायला बाहेर येत नाही त्यालाच लॅपटॉपसमोर बसवून ‘बोल, भोपाळ वर ठेवायचं की नागपूर?’ असं विचारलं जातं, आणि तो ‘काहीही टाका’ म्हणतो. पुढची चार वर्षं त्या ‘काहीही’वर ठरतात. पॅकेजचा खरा उपयोग असेल तर तो इथे: पहिले दोन-तीन दिवस आकडे काढण्याचं कारकुनी काम दुसऱ्याने करायचं. पण ते काम घरातला दादा, आत्येभाऊ, एक्सेल येणारी कोणतीही ताई करू शकते. जोसाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रत्येक फेरीच्या ओपनिंग-क्लोजिंग रँक (जागा मिळालेली पहिली आणि शेवटची रँक) फुकट आहेत. शेवटच्या फेरीची क्लोजिंग रँक घ्या, संस्था, शाखा, कोटा आणि जेंडर पूल असे रकाने करा, दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवा. बहुतेक पॅकेजवाले याहून वेगळं काही करत नाहीत, फक्त त्यांच्या कागदावर रंगीत पट्ट्या असतात.

या तक्त्यात चुका ठरलेल्या होतात. राखीव जागांपुढे दिलेली क्लोजिंग रँक ही त्या प्रवर्गातली रँक असते, सगळ्यांच्या एकत्रित यादीतली, म्हणजे कॉमन रँक लिस्टमधली नव्हे. ओबीसी मुलाची कॉमन रँक त्या आकड्याशी ताडून पाहिली की मिळणारं कॉलेजही हाताबाहेर गेल्यासारखं दिसतं. मुलींनी फक्त ‘जेंडर न्यूट्रल’ ओळ वाचून निराश होऊ नये. ‘फीमेल ओन्ली’ची ओळ वेगळी असते आणि बऱ्याचदा तिथल्या क्लोजिंग रँकचा आकडा बराच मोठा असतो, म्हणजे मागच्या रँकलाही जागा मिळते. जेईई मेनच्या पर्सेंटाइलचंही तसंच; एनआयटी, ट्रिपल आयटीच्या जागा याच परीक्षेच्या रँकवर मिळतात. १४ लाख मुलांत ९९ पर्सेंटाइल म्हणजे पुढे सुमारे १४ हजार मुलं. ‘नव्व्याण्णव येऊनही काही नाही’ असं आजी हळहळते तेव्हा तिच्या डोक्यात शंभरातले नव्व्याण्णव मार्क असतात.

आता चॉइसचा क्रम. इथे पॅकेजवाल्यांचा सर्वांत चुकीचा सल्ला ऐकायला मिळतो: ‘वर अवघड नका टाकू, जागा वाया जाईल.’ जोसाची पद्धत तशी नाही. संगणक तुमची यादी वरून खाली वाचत येतो आणि तुमच्या रँकला मिळू शकणारी पहिली जागा देतो. वर अशक्य पर्याय ठेवल्याने खालचा हुकत नाही. म्हणून यादी मनातल्या खऱ्या आवडीच्या क्रमाने लावावी आणि लांब ठेवावी. खरा धोका उलटा आहे. ‘सेफ’ म्हणून नको असलेली शाखा वर ठेवली की तीच गळ्यात पडते, कारण जी जागा मिळाली तिच्या खालचे पर्याय पुढच्या फेऱ्यांसाठी संपलेले असतात. ग्वाल्हेरच्या ट्रिपल आयटीतलं आयटी भोपाळच्या सिव्हिलपेक्षा जास्त हवं असेल तर ते वर, मग ‘एनआयटीचा शिक्का’ असं शेजारी कितीही म्हणोत. लॉक करण्याआधी यादीची प्रिंट काढून मुलाला एकट्याला द्यावी आणि एकच विचारावं: यातली कोणती ओळ मिळाली तर तू जाणारच नाहीस? ती ओळ खोडावी.

होम स्टेटबद्दल तर घरोघरी गैरसमज. एनआयटीतल्या निम्म्या जागा होम स्टेटच्या असतात, पण होम स्टेट म्हणजे तुमचं घर कुठे ते नव्हे. बारावी जिथून पास झालात ते राज्य. राजस्थानातल्या कोटा शहरात डमी (क्लाससाठी नावापुरत्या) शाळेतून बारावी केलेला इंदूरचा मुलगा जोसाच्या लेखी राजस्थानचा. त्याला भोपाळच्या एनआयटीत, म्हणजे मॅनिटमध्ये, होम स्टेट नाही, जयपूरला आहे. ज्या सल्लागाराने ‘बारावी कुठून?’ हे विचारण्याआधी यादी बनवायला घेतली, त्याला काम येत नाही. महाराष्ट्राबद्दलही तसंच. इंदूरच्या मराठी घरांत पुण्याचं सीओईपी हे दुसरं स्वप्न असतं. मराठी बोलण्याचे तिथे गुण नाहीत. घरात महाराष्ट्राचं डोमिसाइल नसेल आणि दहावी-बारावी मध्य प्रदेशात झाली असेल, तर जेईई मेनच्या रँकवर ऑल इंडियाच्या मोजक्या जागांसाठीच स्पर्धा असते. हे आधी कळलं तर दुसरा अपेक्षाभंग तरी टळतो.

कागदपत्रांच्या तपासणीला आम्ही पूर्ण गुण देऊ, कारण इथली चूक घरच्यांच्या लक्षात येत नाही. ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रीमी लेयर) आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेले लागतात. नोकरीसाठी काढलेला राज्याचा जुना दाखला लोक अपलोड करतात, पडताळणीत हरकत येते, तिला उत्तर द्यायची मुदत असते आणि ती मुदत लग्नाच्या गडबडीत निघून जाते. मग मिळालेली जागा जाते. रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून हरकत आली का ते पाहणं, एवढ्या एका कामासाठी माणूस लावला तरी पैसे वसूल.

फ्रीज, स्लाइड, फ्लोट यांत फारसं गूढ नाही. फ्रीज म्हणजे हेच बस. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, शाखा वरची मिळाली तर हवी. फ्लोट म्हणजे यादीतलं वरचं काहीही चालेल. शंका असेल तर फ्लोट. मात्र फी भरणं आणि ऑनलाइन रिपोर्टिंग तिन्हींत करावंच लागतं. ‘नाराज आहे, भरत नाही’ म्हणून पहिली जागा सोडलेल्या मुलाला पुढच्या फेऱ्यांत जोसा धरत नाही. जोसा संपल्यावर एनआयटी, ट्रिपल आयटी वगैरेंच्या उरलेल्या जागांसाठी सीएसएबीच्या विशेष फेऱ्या होतात. नोंदणी नव्याने, आयआयटी त्यात नाहीत, आणि तिथे नवी जागा मिळाली की हातातली जुनी सुटते. हा शेवटचा भाग सांगायला पॅकेजवाले विसरतात.

आणि एसजीएसआयटीएस. १९५२ पासून या गावात उभं असलेलं हे इंजिनिअरिंग कॉलेज निकालाच्या आठवड्यात कुणाच्या तोंडी नसतं, कारण ते ‘उरलं तर’च्या खात्यात टाकलेलं असतं. त्याची आणि देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजची प्रवेशप्रक्रिया मध्य प्रदेशच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून होते, जोसाकडून नव्हे. नोंदणी वेगळी, तारखा वेगळ्या. जोसाच्या शेवटच्या फेरीची वाट बघत बसलात तर तिकडची नोंदणी निघून जाईल. दोन्ही एकत्र सुरू ठेवावं.

आयआयएम इंदूरच्या आयपीएमसाठी, म्हणजे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, असली पॅकेजं घेऊच नयेत. तिथे चॉइस भरणं नसतंच. लेखी परीक्षा आणि मुलाखत झाली की यादी लागते, प्रतीक्षा यादी पुढे सरकली तर सरकली. वाट पाहायला कुणाला पैसे का द्यायचे?

ड्रॉपच्या सल्ल्याची परीक्षा सोपी आहे. परीक्षेनंतर मुलाची रिस्पॉन्स शीट आणि उत्तरसूची पोर्टलवर मिळते. सल्लागाराने ती उघडायला सांगितली का? गेलेला प्रत्येक गुण तीनपैकी एका रकान्यात टाकावा: विषयच येत नव्हता, येत होता पण चुकलं, वेळ पुरला नाही. पहिला रकाना सर्वांत मोठा असेल तर एका वर्षात ते भरून काढणं अवघड आहे. दुसरा-तिसरा मोठा असेल तर निदान बोलण्याजोगं काही आहे. शिवाय अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, म्हणजे बारावीच्या वर्षानंतर आणखी एकच संधी. हे काहीही न पाहता ‘ड्रॉप घ्या, मुलगा हुशार आहे’ म्हणणाऱ्याच्या मागच्या खोलीत बहुधा ड्रॉपर बॅचची पावतीपुस्तकं असतात. निकालाच्या पहिल्या आठवड्यात ड्रॉपचा निर्णय घेऊच नये. बॅच भरत आली आहे, हे कारण होऊ शकत नाही.

राहिलं मन. पॅकेजमधली ‘मोटिव्हेशनल’ बैठक म्हणजे चाळीस मिनिटं नापास होऊन मोठे झालेल्यांच्या कथा. मुलाला त्या वेळी कथा नको असतात, झोप हवी असते, आणि ‘किती आले?’ या फोनला उत्तर देणारं दुसरं कुणीतरी हवं असतं. घरच्यांनी एक वाक्य ठरवून घ्यावं, ‘प्रक्रिया चालू आहे, ठरलं की कळवू’, आणि आईपासून काकूपर्यंत सगळ्यांनी तेच म्हणावं. मुलाच्या देखत खर्चाचा हिशेब काढू नये. शेजारच्याच्या रँकचा उल्लेख तर नकोच.

याहून जास्त मदत लागली तर १४४१६, टेली-मानस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा फुकट आणि चोवीस तास आहे. फोन लागल्यावर भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडली तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतात. पालकही फोन करू शकतात, आणि पुष्कळदा पहिला फोन त्यांनीच करावा. प्रवेशाबद्दल तिथे काही कळणार नाही, प्रत्येक वेळी तीच व्यक्ती भेटेल असंही नाही. सलग उपचार हवे असतील तर तज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटावंच लागतं. पण रात्री दोन वाजता उचलला जाणारा फोन कोणत्या पॅकेजमध्ये असतो? शिक्षण मंत्रालयाची मनोदर्पण ही सेवाही आहे, ८४४८४४०६३२ वर, सकाळी ८ ते रात्री ८.

चार-आठ दिवस रडणं, चिडणं, दार लावून बसणं स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनंतरही झोप-जेवण रुळावर आलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं. ‘मी ओझं आहे’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, एकदम निरोपाचे मेसेज पाठवणं, यांतलं काही दिसलं तर दोन आठवडे थांबायचं नाही. जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मुलाला एकटं सोडू नये, घरातली औषधं आणि फिनाइलसारख्या वस्तू हलवाव्यात, १४४१६ किंवा ११२ लावावा, नाहीतर थेट एम.वाय. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्यावं. अशा वेळी फॉर्मची शेवटची तारीख गेली तरी चालेल.

एवढं वाचूनही पॅकेज घ्यायचंच असेल तर नुसत्या कागदपत्रांच्या तपासणीचे आणि एका बैठकीचे पैसे वेगळे विचारा. बहुतेक जण आढेवेढे घेऊन तयार होतात. कोणत्या खासगी कॉलेजकडून कमिशन मिळतं का, हेही तोंडावर विचारा. पावती घ्या. जोसाचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. यादी त्यांनी बनवली तरी ती भरायची आणि लॉक करायची मुलानेच, आपल्या घरी बसून, शेवटच्या दिवसाच्या निदान एक दिवस आधी. शेवटच्या संध्याकाळी पेमेंट अडकलं तर बँक आणि पोर्टल एकमेकांकडे बोट दाखवतात.