साधे कार्ड, स्विचचे कार्ड की एकेरी कार्डे : सर्व्हरच्या स्लॉटमध्ये एसएसडी दिसत नसतील तर काय घ्यावे?

हिंगणघाट, वणी किंवा पांढरकवड्याकडच्या एखाद्या जिनिंगच्या कार्यालयात नागपूरहून वापरलेला सर्व्हर आणला, त्याच्या १६ लेनच्या (लेन म्हणजे डेटा वाहण्याची वाट) स्लॉटमध्ये चार एनव्हीएमई (थेट पीसीआयई स्लॉटच्या लेनवर चालणाऱ्या वेगवान) एसएसडींचे कार्ड बसवले आणि चारपैकी पहिलीच दिसली, तर उरलेल्या तिन्ही खराब आहेत असे समजून त्या परत पाठवण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा ही बायफर्केशन, म्हणजे एका स्लॉटच्या लेनची गटांत विभागणी, बंद असल्याची खूण असते.

साध्या कार्डावर स्वतःची चिप नसते. ते स्लॉटच्या १६ लेन चार-चार करून पुढे नेते एवढेच. पाटाचे पाणी चार सऱ्यांत सोडायचे, तर बारे वरूनच फोडावे लागते, तशी ही विभागणी प्रोसेसरच्या बाजूने, म्हणजे बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ४-४-४-४ असे ठरवून, करावी लागते. सुपरमायक्रोच्या एक्स१० मालिकेतील बोर्डांवर ही सोय आयआयओच्या (प्रोसेसरच्या इनपुट-आउटपुटच्या) मेनूत, तर डेलच्या आर७३० मध्ये ‘स्लॉट बायफर्केशन’ या नावाने मिळते. बोर्डाच्या बायॉसमध्ये ही सोय असेल, तर साधे कार्डच घ्यावे, कारण ते स्वस्त असते आणि त्यात बिघडण्यासारखे फार काही नसते.

सोय नसेल, तर स्विच चिपचे कार्ड उपयोगी पडते. उदाहरणार्थ, पीईएक्स ८७४७ या चिपमध्ये ४८ लेन असतात. विभागणी ती स्वतः करते, त्यामुळे बायॉसची सेटिंग लागत नाही. मात्र किंमत कितीतरी जास्त पडते आणि चिप सतत तापते. मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि हंगामात जिनिंगच्या आवारात उडणारे रुईचे तंतू कार्डाच्या छोट्या पंख्यात अडकतात, म्हणून वातानुकूलन नसलेल्या खोलीसाठी हे कार्ड मी सुचवणार नाही. वेगाची चिंता मात्र करू नये. तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईमध्ये प्रत्येक लेनला सेकंदाला जवळपास १ जीबी मिळतो आणि वजनकाट्याच्या नोंदी व हिशेब यांना तो भरपूर होतो.

दोनच एसएसडी हव्या असतील, तर दोन वेगळ्या स्लॉटमध्ये एकेक एसएसडीचे कार्ड लावून मिररिंग करावे, म्हणजे तोच डेटा दोन्हींवर ठेवावा, हे माझे स्पष्ट मत आहे. यात बायफर्केशनचा प्रश्नच येत नाही आणि एक कार्ड बिघडले तरी काम चालू राहते.

अर्थात, काही कारणे अशी आहेत की तिथे दोष कार्डाचा नसतो, म्हणून नवे कार्ड घेण्याआधी ती तपासावीत. दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेला स्लॉट तो प्रोसेसर बसवलेला नसेल तर बंदच राहतो. लांब स्लॉटमध्ये बॅटरी मारून पाहिल्यास कधी कधी सोनेरी पट्ट्या निम्म्याच दिसतात. अशा ८ लेनच्या स्लॉटमध्ये साध्या कार्डावरच्या फार तर दोन एसएसडी चालतात. एसएसडीच्या टोकाला दोन खाचा असतील, तर ती साटाची (डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीची) असण्याची शक्यता मोठी, आणि साटाची एसएसडी या कार्डांवर दिसत नाही. लिनक्समध्ये एलएसपीसीआय (lspci) ही जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा देऊन एसएसडी दिसते, पण सर्व्हर तिच्यावरून सुरू होत नाही, असे असेल तर दोष जुन्या बायॉसचा असतो. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम साटाच्या डिस्कवर ठेवून एनव्हीएमईवर फक्त डेटा ठेवावा.

स्विचचे कार्ड मागवायचेच असेल, तर हीटसिंकखालच्या (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्याखालच्या) चिपचे नाव विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावे. ते सांगता येत नसेल, तर कार्ड साधेच आहे असे धरून चालावे.