सहिष्णुता मोजायची कशी: ठरलेली यादी की आपला नावडता गट?

१९५४ साली, सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात, समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टॉफर यांनी अमेरिकी नागरिकांना विचारलं: कम्युनिस्टाला, नास्तिकाला तुमच्या गावात भाषण करू द्याल? कॉलेजात शिकवू द्याल? त्याचं पुस्तक वाचनालयात राहू द्याल? बरेच जण नाही म्हणाले. १९७०च्या दशकात तेच प्रश्न विचारले, तर होकार वाढलेले दिसले.

पण ज्याच्या मनात कम्युनिस्टांबद्दल मुळात आकसच नाही, त्याच्या होकाराला सहिष्णुता कसं म्हणायचं? म्हणून राज्यशास्त्रज्ञ जॉन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९७८च्या पाहणीत क्रम उलटा केला. तुम्हाला सर्वांत नकोसा गट आधी तुम्हीच निवडा, मग सांगा: त्यांना सभा घेऊ द्यायची की त्यांच्यावर बंदी घालायची? या कसोटीवर ती वाढ बरीचशी ओसरली. राग होताच, फक्त त्याचं लक्ष्य बदललं होतं.

मला दुसरी पद्धत जास्त खरी वाटते, कारण ती माणसाला त्याच्या स्वतःच्या तिटकाऱ्यासमोर उभं करते. दशकांची तुलना करायची तर मात्र एकच यादी हवी. जनरल सोशल सर्व्हे ही अमेरिकेतली ठरावीक काळाने होणारी पाहणी; तो स्टॉफर यांच्याच धर्तीचे प्रश्न १९७२पासून विचारत आला आहे. पण राग अनेक गटांत विखुरला, तर कुणा एकाला चिरडण्याइतकं बहुमत जमणं अवघड होतं, हे दाखवलं सलिव्हन यांच्या पद्धतीनेच.