कर्ज माझं, परतावा त्याचा: ४,८०,००० कसे गेले

‘तुम्ही फक्त पर्सनल लोन काढा, हप्ता परताव्यातून निघतो, वरचे तुमचे.’ गुंतवणुकीच्या एजंटाचं हे आमिष: कर्ज तुमच्या नावावर, पैसे त्याच्याकडे, तो दरमहा परतावा देणार. ते फसवं असतं हे नव्याने सांगत नाही. मलाही ठाऊक होतं, म्हणून तर लाज जास्त वाटते.

कर्ज ५,००,०००, व्याज १४ टक्के, ६० महिने, हप्ता ११,६३४. प्रोसेसिंग फी जीएसटीसह ११,८००, विमा ७,५००. हातात आले ४,८०,७००. त्यातले ४,८०,००० आरटीजीएसने एजंटला. त्याने कबूल केलेला परतावा महिना ३ टक्क्यांनी १४,४००, हप्ता वजा जाता २,७६६ उरणार. हिशेब मीच मांडला होता आणि तो बरोबर होता.

हातचलाखी व्याजात होती. एजंट म्हणाला, ‘एकूण व्याज १,९८,०००, भागिले ५ वर्षं. ८ टक्केसुद्धा पडत नाही!’ भागाकार खरा, पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं हे तो गिळतो. ८ टक्के फ्लॅट (सगळी वर्षं पूर्ण मुद्दलावर) म्हणजे घटत्या शिलकेवर १४च. फी-विमा धरला की १५.७८. बँकेच्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कर्जाच्या अटींच्या गोषवाऱ्यात, हाच आकडा एपीआर (खर्च धरून वार्षिक दर) म्हणून छापलेला असतो. मी त्या पानावर नुसती सही ठोकली. कर्जाचं कारण एजंटानेच ‘घरदुरुस्ती’ लिहिलं, तेही खपवून घेतलं.

तिसऱ्या महिन्याचे १४,४०० कुणा अनोळखी बाईंच्या बचत खात्यातून आले. मेसेजमध्ये नाव धडधडीत दिसत होतं. कुणाच्या तरी ताज्या कर्जातून माझा ‘परतावा’ येतोय, हे तिथेच कळायला हवं होतं. मी म्हटलं, आले ना, बास. एवढं मिळतं तर हा गडी स्वतःच १४ टक्क्यांनी कर्ज का काढत नाही, हेही तेव्हा सुचलं नाही. पण दोन महिने पैसे वेळेवर आल्यावर कोण शंका घेतो, सांगा. सात महिन्यांत १,००,८०० मिळाले, आठव्यापासून शून्य. बँकेचे ४,५७,९४० बाकी.

करारनामा वाचा, स्टॅम्प बघून भुलू नका. माझ्या ५००च्या कागदावर ‘गुंतवणूक’ शब्दच नव्हता. ‘मैत्रीच्या संबंधातून हातउसने’ होतं. तेवढ्यावर पोलिसांनी ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून हात झटकले. ठेवीदारांच्या संरक्षणासाठीचा राज्याचा १९९९चा एमपीआयडी कायदा, अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा २०१९चा कायदा, मी दोन्हींची नावं घेतली. पोलीस म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का?’ आर्थिक गुन्हे शाखेला रक्कम किरकोळ वाटली. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर नोंदणी असलेल्यांविरुद्धच तक्रार चालते, आणि नोंदणी नाही हीच तर माझी तक्रार! बँकेने उलट विचारलं, घरदुरुस्तीचं कर्ज दुसरीकडे वळवलंत कसं? दरवेळी खिडकीपलीकडच्याच्या लेखी चोर मीच.

अर्ज दिलात तर शिक्क्याची पोच घ्या. गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(४)खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवा. चकरा मारू नका. एजंटाचा चेक ‘खाते बंद’ शेऱ्याने परत आला, तर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायलाच हवी. माझे त्यातले २६ दिवस ठाण्याच्या बाकड्यावर गेले. नोटीस मिळून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटल्याची, कलम १३८ची तक्रार कोर्टात.

आणि तक्रार केली म्हणून हप्ता थांबत नाही. मी रागाने एकदा खात्यात पैसे ठेवले नाहीत. एनॅच (खात्यातून आपोआप होणारी हप्त्याची वजावट) परत गेला, ५९० रुपये दंड, सिबिलवर डाग, आणि वसुलीवाल्याचा सकाळी आठला फोन. त्याने मात्र कधी दिरंगाई केली नाही.