लोखंडी पंजा घालून आठ महिने

साताऱ्यात राजवाड्याजवळ एका मित्राच्या माडीवर आम्ही पाच जण दर रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो, म्हणजे फासे टाकून, प्रत्येकानं एकेक पात्र साकारायचा खेळ. खेळ मी चालवतो. आठ महिन्यांपूर्वी २०१४ चे नियम सोडून २०२४ चे धरले आणि नेमका तेव्हाच एकानं बिनहत्यारी फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, घेतला. लहानपणी तालमीची माती अंगाला लावलेला गडी, तलवार नकोच म्हणाला.

साध्या ठोशाचं नुकसान म्हणजे १ अधिक ताकदीचा मॉडिफायर, म्हणजे ताकदीच्या आकड्यावरून मिळणारी भर. ताकद १६ असेल तर भर ३, म्हणजे नुकसान चार, बस्स. शेजारचा तलवारवाला डी८ (आठ बाजूंचा फासा) अधिक ३ टाकतोय आणि आमचा पैलवान चार-चार मोजतोय. दोन रविवार त्याचं तोंड उतरलेलं. मग निशस्त्र लढतीची शैली घेतली. हातात शस्त्र, ढाल काही नसेल तर ठोशाला डी८ मिळतो. तक्रार मिटली.

पण गड्याला पंजा हवाच होता. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं इथं प्रदर्शनाला आली, तेव्हापासून मुठीत दडणारं हत्यार याच्या डोक्यातून जाईना. नव्या पुस्तकात लोखंडी हातमोज्याच्या ठोशाला वेगळा नियम नाही. म्हणून याच खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीतला काटेरी पंजा आणला: डी४, किंमत ५ सोन्याची नाणी. त्यात साधा लोखंडी हातमोजाही आहे, पण तो घालून मारलं तरी तुम्ही बिनहत्यारीच, समोरच्याला फुकटचा वार मिळतो. काटेरी पंजाला तो धोका नाही. पण हातात डी८ असताना डी४ कोण घेणार? शेवटी डी८ तसाच ठेवला, पंजानं फक्त ठेचण्याऐवजी भोसकण्याचं नुकसान होतं, आणि पंजा घातलेला हात पकडीसाठी मोकळाच धरतो.

खरं दुखणं पकडीत आहे. २०१४ च्या नियमांत धरणाऱ्याच्या फाशाला समोरच्याचा फासा भिडायचा, अ‍ॅथलेटिक्स हे कौशल्य कामाला यायचं. आता समोरच्यानं वाचण्याचा फासा टाकायचा, तोही ताकदीचा की चपळाईचा हे त्यानंच ठरवायचं. आमच्या पैलवानाची पकड चुकवायला लागणारा आकडा १३. वीस बाजूंच्या फाशात चपळाईचे +२ मिळवणारा गोब्लिन, म्हणजे एक छोटा राक्षस, निम्म्या वेळा निसटतो; जुन्या हिशेबात पैलवान शंभरात बासष्ट वेळा धरायचा. एका रविवारी असल्या किडक्या गोब्लिननं तीनदा हुलकावणी दिली, तेव्हा गडी पात्राचा कागद टाकून खाली चहाला निघून गेला.

नव्यातलं एक मात्र सोन्यासारखं: धरलेल्या शत्रूला इतरांवर वार करायला अडचण येते, म्हणून मागचा जादूगार वाचतो. तेवढं ठेवलंय. पकड मात्र जुनीच चालू केली, फाशाला फासा.